फोनवरची ऑर्डर, दहा मिलिग्रॅम मॉर्फिन आणि बदलायला सांगितलेलं पान

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी स्टाफ नर्स आहे, नोकरीला तीन वर्षं झाली. रात्रपाळीत, ऑपरेशन झालेल्या एका वृद्ध बाईंना वेदना सहन होईनात. वजन ४२ किलो, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर. निवासी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर अडकले होते. फोनवर ते म्हणाले, "मॉर्फिन टेन डायल्यूट करून दे." निदान हिने ऐकलं ते एवढंच. डोस जास्त वाटला, तरी हिने दहा मिलिग्रॅमची अख्खी अँप्यूल पातळ करून शिरेतून दिली. वीस मिनिटांनी पाहिलं तर श्वास मिनिटाला आठ. डॉक्टरांना बोलावलं, नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा उतारा) दिलं, बाई सावरल्या. सकाळी डॉक्टरांनी चार्टवर सही करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, "मी टेन डायल्यूट करून अडीच-अडीच दे म्हणालो होतो." इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, पान नव्याने लिही, २.५ टाक आणि विषय संपव. नातेवाइकांना "रात्री जरा सुस्ती आली होती" इतकंच सांगितलं गेलं. हिने मूळ पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला आहे. तिला झोप लागत नाही. आता ती विचारते: ऑर्डर डॉक्टरांची, मग जबाबदार कोण? माझं रजिस्ट्रेशन जाईल का? पान बदलू का? राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

पान बदलू नकोस. आज ड्यूटीवर जाण्याआधी एवढं पक्कं कर, बाकीचं सावकाश वाच. मी ३१ वर्षं नर्सिंगमध्ये आहे आणि त्यातली शेवटची ९ वर्षं चौकशी समित्यांवर बसते. डोस चुकला म्हणून समोर आलेल्या मुली मी बऱ्याच पाहिल्या, त्यातल्या बहुतेक आजही वॉर्डात काम करतात. कागद बदलून आलेल्यांबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

इनचार्ज सिस्टरना कदाचित तुला वाचवायचंच असेल. पण त्यांचं ऐकलंस तर काय होईल ते बघ. मॉर्फिन हे नियंत्रित औषध. कपाटाचं कुलूप उघडून अँप्यूल काढलीस तेव्हा नार्कोटिक्स रजिस्टरमध्ये नोंद केली असशील: किती वाजता, कोणासाठी, किती दिलं, किती टाकून दिलं, शिल्लक किती, आणि शेजारी दुसऱ्या नर्सची सही. तू अख्खी अँप्यूल दिलीस, म्हणजे टाकून दिल्याच्या रकान्यात शून्य आहे. आता चार्टवर २.५ आलं तर उरलेलं ७.५ मिलिग्रॅम गेलं कुठे? दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याला डोस चुकल्याचं दिसणारच नाही. त्याला दिसेल की रात्रपाळीच्या नर्सने मॉर्फिन लंपास केलं. मग रजिस्टरही बदलायचं? त्यावर सही करणाऱ्या मैत्रिणीलाही यात ओढायचं? आणि अडीच मिलिग्रॅमवर नॅलॉक्सोन का लागलं, हे कोण सांगणार?

याहून वाईट म्हणजे त्या बाईंचं नुकसान. उद्या दुसरे डॉक्टर तो केसपेपर वाचतील आणि समजतील की या पेशंटचा श्वास अडीच मिलिग्रॅमलाच मंदावतो. त्यानंतर त्यांना पुरेसं वेदनाशामक द्यायला कोणी धजणार नाही. तुझ्या पानावरचा खोटा आकडा पुढच्या प्रत्येक दुखण्यात त्यांच्या आड येईल. चार्ट पेशंटच्या उपचारासाठी असतो. तुझ्या किंवा डॉक्टरांच्या बचावाचा कागद म्हणून कोणी तो बनवलेला नाही.

एका चौकशीत असंच नव्याने लिहिलेलं पान माझ्यासमोर आलं होतं. अक्षर सुबक, एकही खाडाखोड नाही. बारा तासांच्या नोंदी, पण सगळी शाई एकाच पेनची आणि अक्षराचा कलही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोच. पहाटे तीनला धावपळीत लिहिलेलं अक्षर इतकं सरळ येत नाही. मी वहीतलं पुढचं कोरं पान दिव्याखाली तिरकं धरलं. फाडून टाकलेल्या मूळ पानावर जोर देऊन लिहिलेल्या आकड्यांचे वळ त्यावर उमटलेले होते, वेळेसकट. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या मुलीची मूळ चूक एवढीच होती की इंजेक्शन चाळीस मिनिटं उशिरा दिलं गेलं. कारवाई झाली ती खोट्या नोंदीसाठी. जिथे नोंदी संगणकावर असतात तिथे तर दिवाही लागत नाही; कोणी, कधी, काय बदललं हे यंत्रणा स्वतःच टिपून ठेवते.

आता जबाबदार कोण. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं" हे वाक्य मी प्रत्येक चौकशीत ऐकते. ते बहुधा खरं असतं, पण पुरेसं नसतं. ऑर्डर देणं ही डॉक्टरांची जबाबदारी. ती नीट समजून घेणं आणि समोरच्या पेशंटकडे पाहून द्यायचं की थांबायचं हे ठरवणं ही तुझी. ऑर्डर वरून आली म्हणून तुझ्या वाट्याची जबाबदारी वर जात नाही. रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर आहे ते याचसाठी.

निष्काळजीपणाच्या दाव्यात न्यायालय साधारण चार गोष्टी तपासतं. पेशंटची काळजी घेण्याचं कर्तव्य तुझ्यावर होतं का, त्यात कसूर झाली का, त्या कसुरीमुळेच इजा झाली का, आणि इजा मुळात झाली का. कसूर कशाला म्हणायचं याचं एक प्रसिद्ध माप इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यात मांडलं गेलं: त्या कामातल्या जबाबदार, जाणत्या लोकांना मान्य असलेल्या पद्धतीने तुम्ही वागलात का? वेगवेगळ्या देशांत या मापाला पुढे मुरड घातली गेली, पण नर्सला विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला: तुझ्या जागी एखादी जाणती, सावध नर्स असती तर तिने काय केलं असतं? त्यात "मला तीनच वर्षं झालीत" याने फारसा फरक पडत नाही. पेशंटला ड्यूटीवरच्या नर्सकडून जे मिळायला हवं ते तिच्या अनुभवाची वर्षं मोजून कमी होत नाही.

या मापाने मी तुझं वागणं तोलते, आणि गोड बोलून नाही सांगत. वजन ४२ किलो आणि किडनी कमजोर. मॉर्फिनचं विघटन यकृतात होतं, पण त्यातून तयार होणारे क्रियाशील घटक बाहेर पडतात ते किडनीतून. ती नीट चालत नसेल तर ते साठत जातात आणि औषधाचा अंमल लांबतो. अशा पेशंटला एकदम दहा म्हटल्यावर सावध नर्सचा हात थांबायला हवा. तुझाही थांबला होता. "डोस जास्त वाटला" हे तूच लिहिलं आहेस, आणि तुझ्या सगळ्या पत्रात सर्वांत जड वाक्य तेच आहे. शंका आली, पण ती तू कोणाला बोलून दाखवली नाहीस. हा दोष तुझा आहे आणि चौकशीत तो तू आपणहून सांगावास असं मला मनापासून वाटतं.

पण तूच एकटी दोषी नाहीस. जोखमीचं औषध फोनवर, अर्ध्या वाक्यात, वजन न विचारता सांगितलं गेलं. त्या रात्री वॉर्डात पेशंट किती होते आणि नर्सेस किती, हे तू लिहिलं नाहीस. ते आठवून लिहून ठेव, कारण ती संस्थेची बाजू आहे आणि ती तपासली गेलीच पाहिजे. आणि तुझ्या बाजूने मोठी गोष्ट अशी की इंजेक्शन देऊन तू निघून गेली नाहीस. वीस मिनिटांनी परत येऊन श्वास मोजलास. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा जोर साधारण त्याच सुमाराला चढतो. तू नुसती बीपी पाहून वळली असतीस तर त्या बाई आज नसत्या.

डॉक्टर खोटं बोलतायत असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही. दहा मिलिग्रॅम दहा मिलिलिटरमध्ये पातळ करून थोडं थोडं द्यायची पद्धत सर्रास आहे. ते अडीच म्हणाले असतील आणि मधेच आवाज तुटला असेल. किंवा "पुढचं हिला कळेलच" असं त्यांनी मनात धरलं असेल आणि आता म्हटल्यासारखं आठवत असेल. दोघंही प्रामाणिक असू शकता. म्हणूनच फोनवरची ऑर्डर आधी लिहून घ्यायची आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचून दाखवायचं: "डॉक्टर, वाचून दाखवते. मॉर्फिन, शिरेतून, एक-शून्य, दहा मिलिग्रॅम, एकदम. वजन ४२ किलो, क्रिएटिनिन वाढलेलं आहे. बरोबर?" हे म्हणायला पंधरा सेकंद लागतात. तू हे म्हणाली असतीस तर "अगं, एकदम नाही" असं तिकडून लगेच ऐकू आलं असतं. शक्य असेल तेव्हा दुसऱ्या नर्सलाही ऑर्डर कानाने ऐकू दे. रजिस्टरवर सही करणारीने ऑर्डर ऐकलीच नसेल तर ती साक्ष फक्त अँप्यूलची होते, डोसची नाही. आणि एवढं करूनही ते दहावर अडून राहिले असते तर? "मला हा डोस या पेशंटला सुरक्षित वाटत नाही, तुम्ही येऊन बघा, तोवर मी देत नाही, वरिष्ठांना कळवते." एवढं बोलून फोन ठेवायचा, वेळ लिहायची आणि खरंच वरिष्ठांना कळवायचं. याला उद्धटपणा म्हणणारे भेटतील. नर्सच्या आचारसंहितेत याला कर्तव्य म्हणतात. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने ही संहिता १९५३ मध्ये स्वीकारली, २०२१ मध्ये ती नव्याने सुधारली. पेशंटची सुरक्षितता धोक्यात दिसली तर नर्सने गप्प राहू नये, ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे.

रजिस्ट्रेशनची तुला सर्वांत जास्त धास्ती आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. एकाच घटनेची विचारणा तीन वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकते आणि तिन्ही ठिकाणचा प्रश्न वेगळा असतो. रुग्णालय विचारतं: तू आमचे नियम पाळलेस का, तुला नोकरीत ठेवायचं का. न्यायालय विचारतं: इजेची भरपाई कोणी द्यायची, किंवा फौजदारी बाजूला, हा गुन्हा ठरण्याइतका घोर निष्काळजीपणा आहे का. तुझी नोंदणी ज्यांच्याकडे आहे त्या नर्सिंग काउन्सिलचा प्रश्न मात्र पुढच्या पेशंटचा असतो: हिच्या हाती पेशंट सोपवणं सुरक्षित आहे का? एका ठिकाणी सुटलं म्हणून दुसरीकडे सुटलंच असं नाही.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातलं प्रकरण यासाठी प्रत्येक नर्सला माहीत असायला हवं. डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेला पेशंटला शांत करण्यासाठी मिडाझोलम द्यायचं होतं. तिने औषधांच्या स्वयंचलित कपाटावर ब्रँडच्या नावाची पहिली दोन अक्षरं दाबली, सुरक्षेचा अडसर ओलांडला आणि हाती आलं व्हेक्युरोनियम, म्हणजे श्वासाचे स्नायूसुद्धा लुळे करणारं औषध. पेशंट दगावली. परिचारिकेने चूक लगेच कबूल केली. रुग्णालयाने तिला कामावरून काढलं. राज्याच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये आधी कारवाईची गरज नाही असं ठरवलं, मग प्रकरण पुन्हा उघडलं, आणि जुलै २०२१ मध्ये तिचं लायसन्स रद्द झालं. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने तिला फौजदारी निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी दोषी धरलं. मे महिन्यात तुरुंगवासाऐवजी तीन वर्षांची देखरेखीखालची मुक्तता मिळाली. या खटल्याने जगभरच्या नर्सेस हादरल्या. चूक सांगणाऱ्यालाच आरोपी केलं तर उद्या चूक सांगेल कोण, ही भीती मला रास्त वाटते. पुढे २०२४ मध्ये केंटकी राज्याने कायदाच केला की आरोग्यसेवेतली साधी चूक हा फौजदारी गुन्हा धरू नये, घोर निष्काळजीपणा किंवा हेतुपुरस्सर केलेलं कृत्य मात्र त्यातून वगळावं. मला ही दिशा योग्य वाटते.

तू या प्रकरणाच्या जवळपासही नाहीस. तिथे अनेक इशारे ओलांडले गेले होते आणि पेशंटवर लक्ष ठेवायलाही कोणी थांबलं नव्हतं. तुझी पेशंट सावरली ती तुझ्या लक्ष ठेवण्यामुळे. मी बसते त्या समितीपुढे अशी नर्स आली आणि तिने खरं सांगितलं, तर चर्चा होते ती ताकीद, प्रशिक्षण, काही काळ देखरेखीखाली काम यांची. तुझ्या काउन्सिलचा निर्णय मी इथून देऊ शकत नाही, पण बदललेला चार्ट समोर आला की चर्चेचा सूर कसा पालटतो हे मी पाहिलं आहे. डोस शिकवता येतो. खोटी नोंद करणाऱ्या हातावर भरवसा कसा ठेवायचा, याचं प्रशिक्षण आमच्याकडे नाही.

हा भरवसा आपल्या आधीच्या नर्सेसनी झगडून मिळवला आहे. नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा जगात प्रथम न्यूझीलंडने १९०१ मध्ये केला. ब्रिटनला १९१९ उजाडावं लागलं, तेही एथेल फेनविक या नर्सच्या सुमारे तीस वर्षांच्या लढ्यानंतर. आणि विरोध करणाऱ्यांत खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. नर्सचं चारित्र्य परीक्षेने आणि यादीतल्या नावाने कसं सिद्ध होणार, हा त्यांचा आक्षेप होता. नोंदणी झाली हे चांगलंच झालं, पण तुझ्या इनचार्ज सिस्टरचा सल्ला वाचला तेव्हा मला तो जुना आक्षेप आठवला.

नातेवाइकांना "सुस्ती आली होती" सांगणं मला अजिबात पटलेलं नाही. त्या बाई शुद्धीवर असतील तर आधी त्यांना सांगायला हवं, मग त्यांच्या संमतीने घरच्यांना. ठरल्यापेक्षा जास्त औषध गेलं, श्वास मंदावला, उतारा दिला, आता तब्येत अशी आहे, आणि आम्हाला याचं वाईट वाटतं. यात वैद्यकीय गरजही आहे. नॅलॉक्सोनचा अंमल मॉर्फिनच्या आधी ओसरतो, किडनी कमजोर असेल तर ही तफावत आणखी वाढते, म्हणून पुढचे कित्येक तास पेशंट पुन्हा गुंगीत जाते का हे बघावं लागतं. शेजारी बसलेल्या मुलीला काहीच माहीत नसेल तर "आई झोपलीय" म्हणून ती कोणाला हाक मारणार नाही. माफी मागितली की गुन्हा कबूल झाला, ही भीती सगळीकडे पसरलेली आहे. इंग्लंडमध्ये तर २००६ च्या कायद्यानेच म्हटलं की नुसती माफी म्हणजे दोषाची कबुली नव्हे, आणि २०१४ पासून गंभीर इजा झाल्यावर पेशंटला खरं सांगणं तिथल्या रुग्णालयांना बंधनकारक आहे. तुझ्याकडचा नियम काय आहे ते विचार, पण हे सांगणं तू एकटीने, चोरून करू नकोस. डॉक्टर आणि मेट्रन (नर्सेसच्या प्रमुख) सोबत हवेत. ते टाळत असतील तर "पेशंटला माहिती द्यावी अशी विनंती" लेखी दे आणि पोच घे.

मोबाइलमधला फोटो. का काढलास ते मला कळतं, त्या सकाळी मीही कदाचित तेच केलं असतं. तरीही तो पेशंटच्या गोपनीय माहितीचा भंग ठरू शकतो. कोणालाही पाठवू नकोस, मैत्रिणींच्या ग्रुपवर तर मुळीच नको. घाबरून पुसूनही टाकू नकोस. संघटनेच्या किंवा तुझ्या वकिलाला फोटो आहे असं सांग आणि तो म्हणेल तसं कर. दरम्यान मेट्रनला लेखी पत्र दे की अमुक तारखेच्या मूळ नोंदी आणि नार्कोटिक्स रजिस्टर जपून ठेवावं. त्या पत्राने जे साधेल ते फोटोने साधणार नाही.

नोंदीत काही राहून गेलं असेल तर ते भरायची सरळ रीत आहे. जुन्या ओळीत काही घुसवायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख आणि आत्ताची वेळ टाकून असं लिही: "उशिराची नोंद. अमुक तारखेच्या रात्री २:१० वाजता निवासी डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. 'मॉर्फिन टेन डायल्यूट करून दे' असं मला ऐकू आलं. ऑर्डर परत वाचून दाखवली नाही. २:२० वाजता १० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. २:४० वाजता श्वास मिनिटाला ८, हाक मारल्यावर डोळे उघडले." वेळा अर्थात तुझ्या खऱ्या. जे पाहिलं, ऐकलं आणि केलं तेवढंच. डॉक्टर आता काय म्हणतात, चूक कोणाची, हे चार्टमध्ये नको. त्यासाठी घटना अहवालाचा फॉर्म वेगळा असतो, तो आजच भर.

इनचार्ज सिस्टरना मात्र तोंडावर सांगावं लागेल, आणि ते सगळ्यांत अवघड आहे. "सिस्टर, मी पान बदलणार नाही. उशिराची नोंद करते आणि घटना अहवाल देते." वाद घालू नकोस, एवढंच दोनदा म्हण. त्यानंतरही दबाव आला तर तो कोणी, कधी, कोणत्या शब्दांत आणला हे घरी वहीत लिहून ठेव, पेशंटचं नाव न घालता. झोप लागत नाही असं तू लिहिलंस. योग्य काय ते कळतं, पण आजूबाजूची व्यवस्था ते करू देत नाही, या अवस्थेला १९८४ मध्ये तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी नैतिक क्लेश असं नाव दिलं, तेही नर्सेसचंच काम पाहून. तू कमकुवत आहेस म्हणून हे होत नाहीये. विश्वासातल्या एका ज्येष्ठ नर्सशी समोर बसून बोल.

राजीनामा आत्ता नको. नोकरी सोडल्याने काउन्सिलपुढची तक्रार थांबत नाही, उलट तुझी बाजू मांडायला लागणारे कागद आणि माणसं तुझ्यापासून दूर जातात. चौकशीचं पत्र आलं तर संघटनेला दाखवल्याशिवाय एका ओळीचंही उत्तर देऊ नकोस, आणि दिलेली मुदत चुकवू नकोस. आणि आज ड्यूटीवर गेलीस की आधी त्या बाईंच्या खाटेपाशी जा. त्यांच्या वेदना आता किती आहेत आणि त्यावर काय चाललंय, ते बघ. रात्रीच्या प्रकारानंतर घाबरून कोणी त्यांचं वेदनाशामकच बंद करून ठेवलेलं असू शकतं.